भिंतीच्या आत वायरचा सांधा गाडून वरून गिलावा केला तर चालतो का?

ओटीवरून

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातलं सासरचं घर. चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) भिंती, वर मंगलोरी कौलं. स्वयंपाकघरातला ओटा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला घेतोय, त्यामुळे स्विचबोर्ड साधारण साडेचार फूट सरकवायचा आहे. झिरी मारून झाली, पाइप बसवला. आता जुन्या वायरी नव्या जागेपर्यंत पुरत नाहीत.

वायरमन गावातलाच मुलगा, हाताला चांगला. तो म्हणतो, जुन्या बोर्डाच्या जागी वायरी पिळून टेप मारू, तिथला डबा काढून टाकू आणि खड्डा सिमेंटने भरू. "वहिनी, वर गिलावा झाला की कळणारसुद्धा नाही." मला नेमकं तेच खटकलं. कळणार नाही म्हणजे उद्या आत काही बिघडलं तरी कळणार नाही. या बोर्डावर फ्रिज, मिक्सर आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी चालते.

नेटवर शोधलं तर एकीकडे "सक्त मनाई", दुसरीकडे "अमुक प्रकारचा कनेक्टर असेल तर चालतं". आपल्याकडे नियम काय आहे? परवा गवंडी येतो, त्याआधी ठरवायचं आहे.

जुना वायरमन

ताई, गवंड्याला चार दिवस थांबवा.

मी तीस वर्षं हेच काम केलं, सुपरवायझरचा परवाना होता. सरळ सांगतो: भिंतीत गाडलेला, पुन्हा हात पोचणार नाही असा सांधा ठेवायचा नाही. घरातल्या वायरिंगचं भारतीय मानक आयएस ७३२. त्यात लूपिंगची पद्धत सांगितली आहे. वायर एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर अखंड जाते आणि जोड द्यायचा तो स्विच, सॉकेट, होल्डर यांच्या टर्मिनलवर. मधे कुठे जोड देणं भागच पडलं, तर तो उघडून तपासता येईल अशा जंक्शन बॉक्समध्ये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे अंतर्गत विद्युत कामाचे स्पेसिफिकेशन त्याहून कडक आहेत. सांधे फक्त मेन स्विच, डीबी (जिथून घरातली सगळी सर्किटं निघतात तो मुख्य डबा), सॉकेट, लाइट पॉइंट आणि स्विचच्या डब्यात. पाइपात आणि जंक्शन बॉक्समध्येही सांधा नको. अगदी नाइलाज असेल तर अभियंत्याची लेखी परवानगी आधी घ्या. ते बंधन सरकारी इमारतींना आहे, तुमच्या घराला नाही. पण मी घरं करतानाही तीच शिस्त ठेवली, आणि माझ्या हातचं घर परत फोडायची वेळ आली नाही.

दुसरी गोष्ट परवान्याची. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच होते तसे बदलायला परवाना लागत नाही. बोर्ड हलवणं, वायरिंग वाढवणं हे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. १९५६ च्या नियमावलीत हा ४५ वा नियम होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि आता २०२३ चे सुरक्षा विनियम आले, त्यांतही ही अट आहे. आणि मीटरच्या पुढचं वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी. तिथे काही झालं तर महावितरणकडे बोट दाखवता येत नाही.

चिरेबंदी

काका, आदर ठेवून विचारतो. आमच्या गुहागरच्या घरात १९९८ साली कन्सील फिटिंग केलं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी पिळून टेप मारलेलेच सांधे आहेत. अजून काहीही झालेलं नाही. फॅन, ट्यूब, टीव्ही सगळं चालतं. नियम कागदावर असतात, पण साडेचार फुटांसाठी डीबीपासून नवीन वायर ओढायची म्हणजे निम्मं घर उकलायचं. गरीब माणसाने काय करावं?

जुना वायरमन

प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

तुमच्या सांध्यातून जातो पंखा आणि ट्यूबचा करंट, साधारण अर्धा अँपियर. ताईंच्या सांध्यातून जाणार इंडक्शनचा. २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळजवळ ८.७ अँपियर, वर फ्रिज आणि मिक्सर. सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सांधा सैल पडून किंवा गंजून तिथला रोध समजा फक्त ०.१ ओहम झाला. अर्ध्या अँपियरला तिथे ०.०२५ वॅट उष्णता होते, हाताला जाणवणार नाही. शेगडी, फ्रिज, मिक्सर मिळून १३ अँपियर धरले तर होते १७ वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तसं आयर्न भिंतीत एका बोराएवढ्या जागेत, रोज तासभर, वर्षानुवर्षं. वायरीचं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असतं. ते आधी कडक होतं, मग तडकतं.

आणि आता मुद्दा असा की या सगळ्यात एमसीबी पडत नाही. एमसीबी जादा करंटला पडतो, इथे करंट जादा नाहीच. आरसीसीबी वीज बाहेर गळली तर पडतो, सैल सांध्यात गळती नसते. म्हणजे घरात लावलेली दोन्ही रक्षकं या बिघाडाला आंधळी आहेत. तो दोष पकडतं माणसाचं नाक, नाहीतर माणसाचा हात. प्लेट काळवंडलेली दिसणं, करपलेला वास येणं, बोर्ड गरम लागणं. सांधा गाडला की ही तिन्ही लक्षणं आपण स्वतःच बुजवतो.

"काही झालं नाही" हे मी खूप ऐकलं. झालेलं असतं, भिंतीमुळे दिसत नाही एवढंच. गॅस गिझर जाऊन विजेचा गिझर आला, शेगडी आली, एसी आला, की त्याच जुन्या सांध्याची परीक्षा सुरू होते.

आणि खर्चाचं. निम्मं घर उकलायची गरज नाही, ते खाली लिहितो. आधी बाकीच्यांचं ऐकू.

खाडीपलीकडे

ओटीवरून ताई, माझो अनुभव सांगतंय. आमच्या घराक न्हाणीघराच्या भिंतीक पावसात हात लावलो की झिणझिण्या येयत. आई म्हणा, "भित जिवंत झाली." उन्हाळ्यात कायच नाय. तीन वर्सा असाच चालला.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, मोठं आहे. शेवटी डीबीत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी लावून घेतली. उन्हाळाभर शांत, आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री घर अंधारात. चालू करावी, दहा मिनिटांत परत पडावी. एका वायरमनने सल्ला दिला की आरसीसीबीच खराब आहे, बायपास करू. करू दिलं नाही, ते बरं केलं. दुसऱ्या जाणत्या माणसाने एकेक सर्किट सोडवून मेगर (वायरीचं आवरण वीज किती रोखतं ते मोजणारं यंत्र) लावला. न्हाणीघराच्या सर्किटचं रीडिंग शून्याला टेकलेलं. आधीच्या कामात कोणीतरी गिझरचा पॉइंट हलवला होता आणि सांधा चिऱ्यात गाडून वर टाइल लावली होती. टाइल फोडली तर टेप जेलीसारखी झालेली, तांब्यावर हिरवट बुरशीगत थर, आणि आजूबाजूचा चिरा हाताला ओला.

आमचं घर समुद्रापासून चारशे मीटरवर आहे. इथल्या भिंतीला नुसतं पाणी लागत नाही, खारं लागतं.

जुना वायरमन

खाडीपलीकडे यांनी लिहिलंय ते आपल्या किनाऱ्याचं खरं दुखणं. जांभा दगड सच्छिद्र. पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. हवेतलं मीठ भिंतीत साठतं, मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, म्हणून पाऊस थांबल्यावरही आतला सांधा सुकत नाही. शुद्ध पाण्यापेक्षा खारट ओल वीज कितीतरी जास्त वाहून नेते. देशावरच्या विटेच्या भिंतीत जो टेपचा सांधा दहा वर्षं काढेल, तो वेंगुर्ल्यात किंवा देवगडात तेवढा टिकेल असं समजू नका.

शिवाय एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही. सांधा गाडून वर सिमेंटचा गिलावा केला की गवंडी पुढचे सात-आठ दिवस त्यावर पाणी मारतो. म्हणजे टेपच्या सांध्याला पहिल्याच आठवड्यात आंघोळ, तीही सिमेंटच्या क्षारयुक्त पाण्याची. पाऊस यायच्या आधीच तो भिजून बसलेला असतो.

स्थलांतरित

मी अमेरिकेत न्यू जर्सीत राहतो, मूळ गाव दापोलीजवळ. ताईंना नेटवर दोन उत्तरं का मिळाली ते सांगू शकतो, कारण मीही त्यात अडकलो होतो.

"नॅशनल इलेक्ट्रिकल कोड" या नावाचे दोन ग्रंथ आहेत. एक भारतीय मानक ब्यूरोचा, दुसरा अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेचा, दर तीन वर्षांनी सुधारून निघणारा. नाव एकच, म्हणून नेटवर शोधताना अमेरिकन कलमं समोर येतात आणि आपण ती इथली समजतो.

अमेरिकन कोडमध्ये ३००.१५ हे कलम म्हणतं की सांध्याला बॉक्स हवा. ३१४.२९ म्हणतं की इमारतीचा कुठलाही भाग न फोडता त्या बॉक्सपर्यंत हात पोचायला हवा. म्हणून इथे छतावर, भिंतीवर कोऱ्या प्लेटा दिसतात. बायकोला त्या आवडत नाहीत, पण काढता येत नाहीत. त्याच कोडमध्ये ३३४.४० मध्ये एक सवलत आहे. जुन्या घरात दुरुस्ती करताना, प्लास्टिक आवरणाच्या विशिष्ट केबलसाठी, मान्यताप्राप्त खास जोडणी बॉक्सशिवाय भिंतीत ठेवता येते. "चालतं" म्हणणारे लोक बहुधा याचा आधार घेतात. पण ती केबल लाकडी सांगाड्याच्या पोकळ, कोरड्या भिंतीत असते, वर जिप्समचा बोर्ड. व्होल्टेज १२०. आपल्याकडे पाइपातून सुट्या वायरी, २३० व्होल्ट आणि ओला चिरा. ती सवलत इथे उचलून आणणं धोक्याचं.

आखातातून परत

ब्रिटिश पद्धतीचंही लिहितो, कारण दोह्यात आम्ही त्याच धर्तीवर काम करत होतो. बीएस ७६७१ चं ५२६.३ कलम. सर्वसाधारण नियम तोच, प्रत्येक जोड तपासता यायला हवा. अपवाद मोजके, त्यातले काही: जमिनीत गाडायच्या केबलचा जोड, कंपाउंड भरून बंद केलेला जोड, आणि स्प्रिंगचे देखभालमुक्त कनेक्टर, ज्यांच्यावर वर्तुळात एमएफ अशी अक्षरं असतात. हे शेवटचे त्यांच्यासाठी ठरवून दिलेल्या डब्यातच बसवायचे. स्क्रूचा कनेक्टर त्यात धरत नाहीत, कारण गरम-थंड होऊन स्क्रू ढिला पडतो.

म्हणजे या तिन्ही पद्धतींत कुठेही "पिळा, टेप मारा, गाडा" हे मान्य नाही. वाद आहे तो बंद डब्यातल्या खास जोडाबद्दल.

ओटीवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या मुलाला चहाला बसवून सगळं वाचून दाखवलं. सुरुवातीला त्याला वाईट वाटलं. "वहिनी, माझ्यावर विश्वास नाय काय?" मला ते टाळायचं होतं, कारण गणपतीच्या आदल्या रात्री लाइट गेली की धावत येणारा तोच आहे. ते १७ वॅटचं गणित मात्र त्याने स्वतः मोबाइलवर करून पाहिलं आणि मग बराच वेळ गप्प बसला.

पण त्याने एक अडचण सांगितली. जुन्या बोर्डापर्यंत आलेल्या वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत, सासऱ्यांच्या काळातल्या. नव्या तांब्याच्या. काका, आता?

जुना वायरमन

मग तर तो सांधा कुठेच नको, गाडलेला नको आणि डब्यातही नको.

ॲल्युमिनियम हवेत आलं की त्यावर लगेच ऑक्साइडचा थर बसतो, तो वीज वाहू देत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र पिळून त्यांना खारी ओल दिली की त्या जोडीची छोटी बॅटरीच होते, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. बायमेटलचे थिंबल मिळतात, पण ते मोठ्या केबलच्या कामाला. स्वयंपाकघराच्या सर्किटसाठी जुनी वायर काढून टाका.

आता काम कसं करायचं ते सांगतो, त्या मुलाला वाचून दाखवा. त्याला कमी लेखू नका, आम्हालाही कोणी शिकवलं म्हणूनच आलं.

स्वयंपाकघरासाठी डीबीपासून नवी सर्किटं ओढा, तांब्याची एफआर (आग सहज पसरू न देणारी) वायर, आयएस ६९४ चा शिक्का असलेली. इंडक्शनच्या सॉकेटला स्वतंत्र सर्किट, २.५ चौरस मिमी. पुढे मोठा ओव्हन घ्यायचा विचार असेल तर आत्ताच ४ टाका. लाइटला १.५ पुरे. फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, यात तडजोड नको. भिंत उकलायची नसेल तर माळ्यावरून पाइप न्या. कौलारू घराचा हाच फायदा, वाशांच्या कडेने पाइप डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि भिंतीत फक्त उभी झिरी मारावी लागते. चिरेबंदी, तुमच्या खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर हे. तेही नको असेल तर केसिंग पट्टी मारा. दिसायला थोडी उणी, पण उद्या नखाने उघडते.

माळ्यावरच्या पाइपाचं एक सांभाळा. कौल फुटलं की पाणी पाइपात शिरतं आणि सरळ खालच्या बोर्डात उतरतं. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर असे भरलेले डबे मी स्वतः उपसले आहेत. पाइपाच्या सांध्यांना सोल्यूशन लावा, पाइपाचं वरचं तोंड खाली वाकवा आणि बंद करा. उंदरांसाठीही वायर उघडी ठेवू नका.

जुन्या बोर्डाचा डबा काढू नका. त्यातून दुसऱ्या खोलीकडे वायर जात असेल तर लूपिंग तिथे टर्मिनलवर घ्या आणि वर कोरी प्लेट लावा. प्लेटीपुढे फडताळ ठोकू नका.

गिलाव्याआधी मेगर लावा, ५०० व्होल्टचा. १ मेगाओहमच्या खाली रीडिंग आलं तर गवंड्याला परत पाठवा. नव्या वायरीचं रीडिंग त्याच्या कितीतरी वर यायला हवं. आणि झिरी उघडी असताना मोजपट्टी भिंतीला लावून फोटो काढा.

चिरेबंदी

काका, काल आमच्या घराच्या गिझरच्या बोर्डाची प्लेट उघडली. गेल्या वर्षी गिझर लावला तेव्हा बाबांनी जुन्याच पॉइंटवरून घेतला होता. मागची वायर तपकिरी आणि कडक झाली आहे, वाकवली तर आवरण सुटतं. गिझर बंद करून ठेवला आहे. हा सांधा बोर्डात तरी आहे, म्हणून दिसला. भिंतीतले कसे शोधायचे?

जुना वायरमन

एमसीबी खाली करून आधी ती वायर बदला.

शोधायचं असं. ज्या दोन डब्यांमधल्या वायरीचा संशय आहे ती दोन्ही टोकांना सोडवा आणि एका टोकाने ओढून बघा. पाइपात सांधा असेल तर वायर सरकत नाही किंवा अडून येते. वायर सरळ सिमेंटमध्ये असेल तर ओढून उपयोग नाही. तिथे मोठा लोड अर्धा तास चालवून, लोड बंद करून, हाताच्या पाठीने भिंत चाचपा. पण आधी टेस्टरने भिंत तपासा, पायात चप्पल असू द्या, आणि हे कोरड्या दिवसांत करा. पावसात नको. संशय फिटला नाही तर ती वायर मृत करून नवी ओढा. जुनी शोधण्यात जाणाऱ्या मजुरीत नवी होते.

खाडीपलीकडे

मृत केलेल्या वायरीची दोन्ही टोकं डीबीतून सोडवून टोपी लावा, नुसती कापून ठेवू नका. आमच्याकडे पुढच्या माणसाने तीच परत जोडली होती.

ओटीवरून

दहा दिवसांनी लिहितेय. काम झालं.

माळ्यावरून पाइप नेला. तालुक्याच्या गावातल्या परवानाधारक ठेकेदाराला बोलावलं, त्याच्या हाताखाली आमच्या गावातल्या त्या वायरमन मुलानेच काम केलं आणि टेस्ट रिपोर्टही मिळाला. मेगरचं रीडिंग १०० च्या वर आलं. जुना बोर्ड काढताना त्याच्या खाली दीड फुटावर भिंतीत आणखी एक सांधा सापडला, कोणालाच माहीत नसलेला. सासूबाई म्हणाल्या, मोरी तिकडे होती तेव्हा दिवा तिथे होता. ॲल्युमिनियमची पांढरी पूड झाली होती, टेपच्या आत वायर म्हणून काही उरलंच नव्हतं. गेली दोन वर्षं फ्रिज मधेच बंद पडायचा तो याच्यामुळे. दोनदा मेकॅनिकला पैसे दिले होते.

त्या वायरमन मुलाने तो तुकडा कागदात गुंडाळून नेला आहे, दुसऱ्या घरी दाखवायला.

जुना वायरमन

छान झालं ताई. त्याला वायरमनच्या परीक्षेला बसवा. झिरीचे फोटो काढलेत ना?

ओटीवरून

काढले काका. सहा आहेत. मोजपट्टी खिडकीच्या चौकटीपासून धरली आहे, पाइप चौकटीपासून ४२ सेंमीवर. एक प्रत डीबीच्या झाकणाच्या आतून चिकटवली आहे.